टाकीतलं दव

नंदीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते, आणि तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, चार दिवस उरले होते. नातवासाठीचा, वीतभर उंचीचा सागवानी नंदी. पायांखाली चाकं, गळ्यात घुंगरमाळेसाठी कोरलेली खाच. लॅकरचा दुसरा हात मारून स्प्रे गन खाली ठेवली आणि बघता बघता त्या तांबूस लाकडावर पांढुरकी साय धरली. डोळे पार गढूळ झाले. पाठीवर आणखी वेगळी तऱ्हा. देवीच्या व्रणांसारखे बारीक बारीक खळगे. बोट लावून पाहिलं नाही. बोट लावल्यावर काय होतं ते आधीच्या दोन नंदींनी शिकवलं होतं.

बाहेर पाऊस नव्हता. पण हवा अशी, की भिंतीवरचं कॅलेंडर पोटात वाकलं होतं आणि देवघरातली आगपेटी तीन काड्या वाया घालवून चौथीला पेटत होती. अशा हवेला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, सादळलेली. पापड सादळतो, चिवडा सादळतो, पावसाळ्यात माणूसही थोडा सादळतोच. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'सापेक्ष आर्द्रता' हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याचा हिशेब नाही, पण त्या जोडशब्दाला कधी ओल लागली नाही. खडूच्या भुकटीसारखाच तो कोरडा राहिला.

आमचं घर खापरीच्या पुढे, वर्धा रोड सोडून थोडं आत, एका ले-आउटमध्ये आहे. गच्चीवर उभं राहिलं की मिहान दिसतं. मिहान हे काही गावाचं नाव नव्हे. एका लांबलचक सरकारी इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत, पण आता कुणी "कुठे राहता?" विचारलं की आम्ही "मिहानकडे" म्हणतो आणि समोरच्याला कळतं. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही खरी गावं त्या आद्याक्षरांच्या पोटात गेली. जिथे तूर आणि कापूस उभा असायचा तिथे आज एम्स आहे, आयआयएम आहे, आणि बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेला, २०१५ साली सुरू झालेला विमानदुरुस्तीचा तळ आहे. त्या हँगरांत हवेवर चालणारी हत्यारं असतात, इस्पितळात भिंतीतल्या नळीतून रुग्णापर्यंत हवा जाते, आणि दोन्हीकडे ती आधी कोरडी करून घ्यावी लागते. त्यासाठी तिथे फ्रीजसारखी थंड करणारी मोठी यंत्रं असतात. हे मला फार उशिरा कळलं. माझ्याकडे मागच्या अंगणात पत्र्याची एक शेड होती, दीड एचपीची मोटर आणि पन्नास लिटरची टाकी असलेला कॉम्प्रेसर होता, आणि एक जुना कूलर होता.

सगळ्या गोष्टीची सुरुवात खरं तर कूलरपासून झाली.

निवृत्तीनंतर मुलाने "बाबा, आता आराम करा" म्हणून पैसे पाठवले, त्यातून मी एप्रिलमध्ये कॉम्प्रेसर घेतला. आराम म्हणजे काय याबद्दल आम्हा दोघांचे मतभेद आहेत. पहिलं काम काढलं ते माझ्या जुन्या सायकलीचं. फ्रेम घासून, लाल प्रायमर मारून, वर काळा रंग द्यायचा. हे चाललं होतं भर नवतप्यात. नागपूरच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नसतो, त्याला ती फुशारकी वाटते. आणि थोडी असतेही. आमच्या घरापासून जवळच, सोनेगावच्या विमानतळावर हवामान खात्याची वेधशाळा आहे. २३ मे २०१३ रोजी तिथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तो आकडा आम्ही मुलांच्या वाढदिवसांसारखा लक्षात ठेवतो. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले, तेव्हा नागपूरकर घाबरण्याऐवजी एकमेकांना फोन करत सुटले. यंत्रच बिघडलेलं होतं असं खात्याने नंतर सांगितलं, तेव्हा थोडी निराशाच झाली.

तर अशा मे महिन्यात ओठ फाटतात, ओलं अंग वाळायच्या आत धोतर वाळतं, आणि पाणी म्हणून कुठे दिसत नाही. त्या दिवशी मी ट्रिगर दाबला आणि गनमधून रंगाऐवजी थुंकी उडाली. साधं पाणी. फ्रेमच्या काळ्या नळीवर गोल गोल डाग. आडातच नाही तर पोहऱ्यात आलं कुठून?

वर्धा रोडवरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. ते गृहस्थ कॉम्प्रेसरला टेकूनच आयुष्य काढतात, त्यांना माहीत असणार. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, टाकीचं पाणी काढता का नाही रोज?"

टाकीत पाणी असतं हेच मला माहीत नव्हतं.

"मंग तं सडन न ते टाकी! अंदरून सडते, बाहेरून कलर चकाचक. आन् एक दिवस फाटते." मग हात करून रस्त्याकडे पाहायला लावलं. एक मालट्रक ढाब्यासमोर इंजिन सुरू ठेवून उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता. ब्रेकला कुणाचा पाय नाही, आणि तरी ट्रक एकदम जोरात शिंकला. "पाह्यलं? त्यानं पाणी थुकलं. ट्रकलेबी कळते."

ती शिंक मी जन्मभर ऐकत आलो होतो. एसटी स्टँडवर, सिग्नलला, शाळेसमोरच्या रस्त्यावर. ब्रेकची हवा भरून झाली की ट्रकमधलं वाळवणीचं भांडं साठलेलं पाणी एका झटक्यात बाहेर टाकतं. अजनीच्या शेडमधल्या रेल्वे इंजिनांतही हेच भांडं मोठ्या आकारात असतं. ब्रेकच्या नळ्यांत पाणी राहिलं तर लोखंड गंजतं, थंडीच्या मुलखात गोठतं, आणि मग गाडी थांबत नाही. एवढा मोठा व्यवहार त्या एका शिंकेत असतो, आणि मी मात्र वर्गात खिडक्या लावून घ्यायला सांगायचो.

घरी येऊन टाकीच्या पोटाखालचा कॉक शोधला. पालथं पडून, हात घालून, कसाबसा फिरवला. गेरूच्या रंगाचं पाणी सुटलं. वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. वाटी भरली, दुसरी भरली. मी तिथेच मातीत बसून राहिलो. इतक्या रखरखीत उन्हात माझ्या शेडमध्ये एक लहानशी विहीर होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

पण आडाचा प्रश्न सुटला नव्हता. पाणी आलं कुठून? उत्तर माझ्या पाठीवरच गार वारा घालत होतं. शेडमध्ये काम करता यावं म्हणून घरातला जुना कूलर मी खिडकीत लावला होता, वाळ्याच्या ताट्या बदलून, टब काठोकाठ भरून. कूलर करतो काय, तर कोरड्या हवेला पाणी पाजतो. ते पाणी वाफ होताना हवेतली उष्णता खातं आणि आपल्याला गारवा लागतो. दुपारच्या त्या झळांच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम दहा ग्रॅम वाफ असेल. कूलरमधून येता येता ती दुप्पट होते. आणि त्या वाऱ्याच्या तोंडासमोर, सावलीत सोय म्हणून, मी कॉम्प्रेसर ठेवला होता. एक यंत्र पाजत होतं, दुसरं तेच पाणी पिळून काढत होतं, आणि वीजबिल दोघांचंही मी भरत होतो. कॉम्प्रेसर उचलून शेडच्या पलीकडच्या भिंतीला, बाहेरच्या हवेत नेऊन ठेवला. पाणी थांबलं. सायकल काळीभोर चमकली. जिंकलो असं वाटलं.

मग मृग लागला.

इथे थोडा हिशेब सांगतो. भूगोलाच्या मास्तराला तेवढी मुभा असावी. एखाद्या जागेत वाफ किती मावते हे तिथलं तापमान ठरवतं. त्या जागेत हवा किती दाटीवाटीने बसली आहे याच्याशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी जॉन डाल्टनने हे दाखवून दिलं. मी ते असं समजतो. आठ एसट्यांमधली माणसं एकाच एसटीत कोंबली, तर माणसं कशीही मावतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण डोक्यावरची फळी एकाच गाडीची. आठ गाड्यांची बोचकी तिच्यावर कशी राहणार? ती खाली पडतात. श्रावणातल्या ३० अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. असे आठ घनमीटर दाबून एकात बसवले, म्हणजे गेजवर सात बार, मेकॅनिकच्या भाषेत शंभर पाउंड, की आत १९० ग्रॅमच्या वर पाणी येतं. फळीवर मावतं फक्त तीस. उरलेलं दीडशेच्या पुढचं पाणी थेंब होऊन खाली. माझा लहानसा कॉम्प्रेसर तासभर अखंड चालला तरी दोन कप चहाइतकं पाणी हवेतून काढतो. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत हाच हिशेब घातला तर हाती घोटभरसुद्धा लागत नाही.

जूनमध्येच मी दुकानातून मॉइश्चर ट्रॅप आणला होता. पारदर्शक वाटी, आत जाळीची गुंडाळी. टाकीच्या तोंडाशीच बसवला, म्हणजे पाणी दारातच अडेल. आणि गंमत म्हणजे वाटी कोरडी ठणठणीत, आणि वीस फूट पुढे गनच्या तोंडातून थुंकी चालूच. मी वाटी उघडून पाहिली, उलटी करून पाहिली, दुकानदाराला मनातल्या मनात बोल लावला. नंदीची पाठ देवी आल्यासारखी झाली ती यामुळेच.

त्या रात्री जेवताना ही तक्रार मी दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा सांगत होतो. हिने पोळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि झाकण उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला थेंब लोंबत होते.

"अहो, गरम गरम पोळ्या डब्यात घातल्या की झाकणाला पाणी सुटतं. म्हणून मी आधी त्या जाळीवर टाकते. आज तुमच्या शेडमधल्या हाकांपायी राहिलं. तुमची हवा गरम असताना तुम्ही तिला गाळायला बघताय."

मी पोळी हातात धरून बसलो. पंपाच्या डोक्याला हात लावला तर फोड येतो, टाकी नेहमी कोमट असते. त्या गरम हवेत पाणी अजून वाफेच्या रूपात आहे. जाळी थेंब पकडते, वाफ पकडत नाही. वाफ जाळीतून, फिल्टरमधून, माझ्या सगळ्या शहाणपणातून आरपार जाते आणि पुढे नळीत गार झाली की मगच थेंब होते. आधी गार करा, मग पकडा. उन्हाळ्यात गच्चीवर सरगुंडे आणि कुरडया वाळवणाऱ्या बायकांना हे किती पिढ्या माहीत आहे! वाळवण उन्हातून काढलं की सावलीत निवू द्यायचं, मगच डब्यात. मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायचे. ड्रायरची विद्या स्वयंपाकघरात होती आणि मी तिला शोधायला दुकानात गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी एसीवाल्या पोराला बोलावलं. पावसाळ्यात त्याला काम नसतं. त्याने तांब्याच्या नळीचं वेटोळं वळून दिलं आणि दोन्ही टोकांना नट बसवले. मी हौसेने नळाचा पांढरा पीव्हीसी पाइप वापरू का विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. दाबाच्या हवेने तो पाइप फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात. वाचकांपैकी कुणाच्या मनात असेल तर काढून टाका. आता वेटोळं बुडवायचं कशात? बादली लहान पडत होती. कोपऱ्यात कूलर उभा होता, प्लास्टिकचा कागद पांघरून. जून संपला की नागपुरात कूलर निवृत्त होतो. हवा आधीच इतकी प्यालेली असते की ती आणखी पाणी घेत नाही. त्याचा टब लांबरुंद होता. तळाला पाणी सोडायचं भोक तयारच होतं. मे महिन्यातल्या गुन्हेगाराला मी ऑगस्टमध्ये चौकीदार नेमलं.

पहिल्या प्रयत्नात वेटोळ्याचं तोंड मी वरच्या बाजूने बाहेर काढलं. पाच मिनिटं झकास कोरडी हवा आली, आणि मग तळाशी साचलेलं पाणी एकदम घोटभर सुटलं, ते थेट माझ्या चष्म्यावर. पाण्याला उताराशिवाय काही समजत नाही. मग वेटोळं वरून खाली उतरतं केलं, शेपूट टबाच्या भोकातून बाहेर काढलं, भोवती एम-सील थापलं, त्याखाली ट्रॅप लावला. टबात पाणी भरलं आणि फ्रीजमधला सगळा बर्फ ओतला. दहा अंशांच्या हवेच्या घनमीटरमध्ये नऊ ग्रॅमच मावतात, बाकीच्या बोचक्यांना उतरावंच लागतं. कॉम्प्रेसर सुरू केला. दोन मिनिटांत ट्रॅपच्या वाटीत पहिला थेंब पडला. मग दुसरा. सलाइनकडे बघावं तसा मी त्या वाटीकडे बघत बसलो होतो.

शेवटच्या टप्प्याला सिलिका जेलचं भांडं. आधी निळे दाणे आणले होते, पाणी पिऊन गुलाबी होणारे. ते तापवले की पुन्हा निळे. एकदा मी घरातल्या कढईत तापवले आणि त्यानंतर कढई शेडमध्ये आणि मी दोन दिवस अबोल्यात, अशी वाटणी झाली. हिचंच बरोबर होतं, तो निळेपणा कोबाल्टचा असतो आणि तो पोटात जाऊ नये. आता नारिंगी दाणे आणतो, ते हिरवे होतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नव्या नंदीवर गन चालवली. थुंकी नाही, खळगा नाही, पाठ आरशासारखी. मी मान वळवून हिला हाक मारणार, एवढ्यात पुन्हा ती साय. डोळ्यांवरून सुरू होऊन कानांपर्यंत.

शेडच्या पायरीवर बसलो. समोर विमान उतरत होतं, पंखांच्या टोकांमागे पांढऱ्या वाफेच्या दोऱ्या ओढत. दमट दिवशी पंखावरची हवा क्षणभर गार होते आणि तिच्यातलं पाणी दिसू लागतं. आणि मग लख्खकन कळलं. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना लाकडाची उष्णता घेऊन जातो, कूलरसारखाच. नंदीची पाठ सभोवतालच्या हवेपेक्षा गार पडते. आणि हवा इतकी भरलेली, की दोन-चार अंशांचा गारवाही तिला पुरतो. तिच्यातलं पाणी ओल्या लॅकरवर उतरतं आणि आत अडकून बसतं. ज्या तापमानाला हवा बाष्पाने संपृक्त होते त्यास दवबिंदू म्हणतात. ही ओळ मी तीस वर्षं लिहिली होती. मुलांनी पाठ करून दोन गुण मिळवले होते. तो बिंदू थेंबाचा नसून तापमानाचा असतो, हेही बजावून सांगितलं होतं. तो घडताना मी पाहिला तो निवृत्तीनंतर, सागवानी बैलाच्या डोळ्यांत.

म्हणजे गनमधली हवा मी सुकवली, पण शेडमधली कशी सुकवणार? शेडबाहेरची? मिहानच्या हँगरपासून अंबाझरीच्या तलावापर्यंत पसरलेला तो अख्खा ओला श्रावण काही माझ्या वेटोळ्यात मावणारा नव्हता. रंगाच्या दुकानदाराने हळू उडणारा थिनर सुचवला, त्याने साय पातळ झाली, गेली नाही. "उघडीप मिळाली की मारा सर," तो म्हणाला, "दुसरं काय!"

उघडीप पोळ्याच्या दिवशी दुपारी मिळाली. दोन तासांची. ढग बाजूला झाले, ऊन असं पडलं की पत्रा तडतडला, अंगणातल्या फरशीवरून वाफ निघाली आणि मग तीही संपली. मी नंदी उन्हात तापत ठेवला, पाठ कोमट झाल्यावर तीन पातळ हात मारले. साय आली नाही. सागाच्या रेषा पाण्याखालच्या वाळूसारख्या स्वच्छ दिसत होत्या. डोळे काळेभोर, आणि त्यांत शेडच्या दाराएवढं आभाळ.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, संध्याकाळी ले-आउटमधली पोरं आपापले लाकडी बैल घेऊन निघाली. घरोघरी मिळालेले बोजाऱ्याचे पैसे खिशात खुळखुळत होते. हा सण नागपुरात रघुजीराजे भोसले दुसरे यांच्या काळापासून चालत आला असं सांगतात. तेव्हाही कुणी तरी भर श्रावणात बैलाला रंग देत असेल आणि आभाळाकडे बघत असेल. नातू मात्र नंदीआधी कॉम्प्रेसरपाशी गेला. कॉक उघडण्याचं काम त्याचं असतं, कारण त्याला ती फुस्स आवडते. मी वाटी धरली. गढूळ, तेलकट पाणी सांडलं. ते झाडाला घालता येत नाही, मी ते जुन्या डब्यात साठवतो.

"आबा, हे पाणी कुठलं?"

मी विचार करू लागलो. शिवणगावच्या ओल्या मातीतलं, शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या चादरीतलं, वर्धा रोडच्या डबक्यातलं, आपल्या दोघांच्या श्वासातलं. हे सगळं सांगायला तोंड उघडलं तोवर तो दोरी ओढत फाटकाबाहेर गेला होता. घुंगरं वाजत होती. वळणावर पावसाचं मोठं डबकं होतं. वाटलं, वळसा घालेल.

नाही घातला.